मागच्या रस्त्याची मोजणी

मोजणीसाहेबांनी मागच्या रस्त्यावर पहिलं वर्तुळ आखलं तेव्हा कुणाचं वाईट करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून पुष्कळांचा तसा समज होतो. हेतू चांगला होता आणि अगदी घरगुती होता. त्यांच्या पत्नीला चालायचं होतं.

पत्नीचा डावा गुडघा शस्त्रक्रिया करून नवा बसवला होता, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं की रोज सपाट रस्त्यावर चालणं झालं नाही, तर हा नवा गुडघा जुन्यापेक्षा हट्टी निघेल. इमारतीच्या पुढचा रस्ता गाड्यांचा. मागचा मात्र चालण्यासाठीच केल्यासारखा होता: सपाट, सावलीचा, एका बाजूला आधाराला कंबरेएवढी भिंत आणि शेवटी पाण्याच्या टाकीपाशी टेकायला कट्टा. अडचण एवढीच, की आसपासच्या सगळ्या कुत्र्यांनाही तो तितकाच पसंत होता. एका सकाळी पत्नीचा पाय त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कामगिरीवर पडला आणि सरकला. भिंत होती म्हणून त्या पडल्या नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली.

टेबलाभोवती चालणाऱ्या माणसाची पंचाईत अशी, की तो कुठेच पोचत नाही. थोड्या फेऱ्या झाल्या की त्यांना गरगरायचं, मग त्या खुर्चीत बसायच्या, आणि एकदा बसल्या की दुपारपर्यंत उठायच्या नाहीत. कोथिंबिरीची एक जुडी आणायला मुद्दाम बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाणारी ही बाई, आता खिडकीत बसून रस्ता बघू लागली. मोजणीसाहेबांना ते बघवत नव्हतं. बघवत नाही असं मात्र ते कुणाला म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "याचा बंदोबस्त करावा लागेल."

आता एखादा साधा माणूस अशा वेळी सुपली आणि खराटा घेऊन खाली उतरला असता आणि चहा निवायच्या आत रस्ता साफ करून वर आला असता. मोजणीसाहेब साधे नव्हते. भूमापन खात्यात त्यांची हयात गेली होती. सख्ख्या भावांच्या अंगणातली हद्द त्यांनी बोटभराचाही फरक न ठेवता ठरवून दिली होती आणि दोन्ही भावांच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकून घेतल्या होत्या. अशा माणसाने दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण उचलायची, म्हणजे गुन्हेगाराला मोकळं सोडून शिक्षा आपणच भोगायची. शिवाय प्रश्न वाकण्याचा होता. वाकायला त्यांची तत्त्वतः हरकत नव्हती, पण तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीखाली वाकायला होती.

या बाई निवृत्त होत्या, आणि त्यांचा कुत्रा वासराएवढा होता. साहेबांनी चौकशीला सुरुवात तिथूनच केली.

"माझा? तो रस्त्यात बसतच नाही," बाई म्हणाल्या. "त्याला शिस्त आहे. हे सगळं बाहेरच्यांचं काम."

दुसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य राहत होते. त्यांचा कुत्रा पांढरा, केसाळ, आणि बराचसा वेळ कडेवरच असायचा. "आकारावरूनच कळतं हो साहेब," ते म्हणाले. "माझ्याची शी एवढीशी असते. ती घाणीत मोडतच नाही."

आणखी दोन-तीन घरी विचारल्यावर साहेबांच्या ध्यानात आलं की इमारतीतली सगळी कुत्री निर्दोष आहेत आणि रस्ता स्वतःच्या हिमतीवर घाण झालेला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "भांडत बसू नका. लाल पाण्याच्या बाटल्या टांगा. कुत्री लाल रंगाला घाबरतात." साहेबांनी बाटल्या टांगल्या. कुत्र्यांनी त्यांचा नीट वास घेतला आणि तंगडी वर करून त्यांना आपल्यात घेतलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच एक कुत्रा पाळा, म्हणजे दुसरी फिरकणार नाहीत." या माणसाला आपण तीन वेळा मत दिलं, हे साहेबांना आठवलं.

शेवटी ते पालिकेत गेले. आरोग्य विभागाच्या खिडकीवर कळलं की कुत्रा हा विषय प्राणी विभागाचा. प्राणी विभागाने सांगितलं की जनावर हजर आहे तोवर ते आमचं, ते निघून गेल्यावर मागे जे उरतं ते सफाईचं. सफाईवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही कचरा उचलतो, आणि कचरा म्हणजे जो डब्यात असतो तो. डब्याबाहेर जे आहे तो गुन्हा, आणि गुन्ह्याची नोंद आरोग्य विभाग घेतो. साहेब पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभे राहिले तेव्हा तिथल्या कारकुनाला त्यांची दया आली.

"नुसती तक्रार कोण वाचतं साहेब?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "नकाशा जोडा. कुठे आहे, किती आहे, कशाच्या शेजारी आहे. नकाशा असला की फाईल आपोआप वर चढते."

नकाशा हा शब्द कानावर पडताच साहेबांची पाठ निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ताठ झाली. वाकायचं नाही, भांडायचं नाही, फक्त मोजायचं. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून टेप काढला, डोक्यावर टोपी चढवली आणि फक्कीचा डबा भरून घेतला. फक्की म्हणजे चुन्याची ती पांढरी भुकटी, जिने खेळाच्या मैदानावर रेषा मारतात. दुसऱ्या दिवशी उन्हं येण्याआधीच ते रस्त्यावर हजर होते. जिथे जिथे ऐवज सापडला तिथे तिथे त्यांनी त्याच्याभोवती सुबक पांढरं वर्तुळ काढलं, भिंतीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर घेतलं आणि ते दोनदा तपासलं. चुन्याची रेषा कुठे जाड झाली तर ती बुटाने पुसून पुन्हा मारली. काम करताना ते शीळ घालत होते, असं दूधवाल्याने पुढे सगळ्यांना सांगितलं.

इतक्यात रस्ता झाडणाऱ्या मावशी आल्या. "साहेब, हे गोल ठेवू का झाडून टाकू?"

"हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "मोजणी पुरी होईपर्यंत जागेवरची एकही गोष्ट हलवायची नसते."

मावशींनी आजवर पुष्कळ साहेब पाहिले होते, पण इतका सोयीचा हुकूम कुणी दिला नव्हता. त्यांनी खराटा खांद्यावर टाकला आणि मागचा रस्ता मोजणीखाली असल्याचं मुकादमाला कळवून टाकलं. त्या दिवसापासून तिथे खराटा फिरला नाही.

नकाशा फार सुरेख झाला. एक प्रत त्यांनी पालिकेत दिली आणि दुसरी, कुत्रेवाल्यांच्या मनात जरा लाज उत्पन्न व्हावी म्हणून, जिन्याखालच्या सूचना फलकावर लावली. घोळ झाला तो इथे. नकाशात इमारत होती, भिंत होती, टाकी होती, ठळक गोल होते, उत्तर दिशेचा बाण होता, कोपऱ्यात साहेबांची झोकदार सही होती. मथळा तेवढा नव्हता. त्यांच्या खात्याची शिस्तच तशी: नकाशाला नाव द्यायचं ते सगळी तपासणी संपल्यावर, अगदी शेवटी. आधीच मथळा लिहून मोकळ्या होणाऱ्या कित्येक उमेदवारांना त्यांनी स्वतः फैलावर घेतलं होतं. त्यामुळे लोकांनी पाहिलं ते एवढंच, की जबाबदार सहीनिशी एक नकाशा लागला आहे आणि त्याबरहुकूम रस्त्यावर गोल आखून दिलेले आहेत.

पुढच्या दिवशी साहेब फेरतपासणीला उतरले तेव्हा प्रत्येक गोलात एकाच्या जागी दोन ऐवज होते. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. गोलाबाहेर मात्र काहीही नव्हतं, रेषेवरसुद्धा नाही. कुणीतरी आपली थट्टा करतं आहे, असं साहेबांच्या मनाने घेतलं. या थट्टेखोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून त्यांनी पहाटेचा गजर लावला, पण तो वाजायच्या आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्नीची हाक आली.

"अहो, जरा इकडे या. तुमच्या गोलाशी रांग लागलीय."

साहेबांनी खाली पाहिलं. मुख्याध्यापिकाबाई कुत्र्याचा पट्टा धरून वर्तुळाशी उभ्या होत्या आणि मागच्या बाकावरच्या मुलाला समज द्यावी तशा आवाजात म्हणत होत्या, "बाहेर नाही. रेषेच्या आत. आत म्हटलं ना?" त्यांच्या मागे दंतवैद्य कडेवरचा कुत्रा सांभाळत आपला नंबर येण्याची वाट बघत होते. दंतवैद्यांच्या मागे शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ होते. साहेब होते त्या कपड्यांत, सपाता घालून खाली धावले.

"या, या," बाई म्हणाल्या. "तुमचं अभिनंदन करायला मी वरच येणार होते. इतकी वर्षं मी कंठशोष करतेय की कुत्र्यांना ठरलेली जागा पाहिजे. तुम्ही तर ती आखूनच दिलीत."

"मी काही ठरवून दिलेलं नाही," साहेब म्हणाले. "हे सगळे पुरावे आहेत."

"कशाचे?"

समोर वासराएवढा कुत्रा रेषेच्या आत बसून नवीन पुरावा देत होता. त्याचं उरकल्यावर त्याने साहेबांकडे इतक्या मोकळ्या मनाने पाहिलं, की साहेबांना 'तुमच्या कुत्र्याचे' असं म्हणवेना.

"साहेब, माझीही एक विनंती होती," दंतवैद्य म्हणाले. "एखादा लहान गोल काढता आला तर बघा. एवढ्या मोठ्यात हा बुजतो."

साहेब तडक वर आले. मग त्यांनी लाल शाई घेतली, खाली जाऊन नकाशावर ठसठशीत अक्षरांत 'गलिच्छ जागा' असा मथळा लिहिला. पण एकदा वाचून झालेला फलक दुसऱ्यांदा कुणी वाचत नाही. पंचक्रोशीत तोवर बातमी पसरली होती की त्या इमारतीमागे चांगली सोय आहे. एकजण गाडीतून कुत्रा घेऊन आला आणि एकही गोल रिकामा नाही म्हणून सेक्रेटरींकडे तक्रार करून गेला. सेक्रेटरींनी ती तक्रार साहेबांकडे पाठवली.

साहेबांनी झाडणाऱ्या मावशींना गाठलं. "मावशी, झालं ते झालं. सगळं झाडून टाका."

"मला काय, मी आत्ता झाडते," मावशी म्हणाल्या. "पण मुकादम म्हणतात, रस्ता मोजणीखाली गेलाय. आता वरून लेखी आल्याशिवाय तिथं खराटा लावला तर माझी बदली व्हायची."

स्वतः झाडायचं म्हटलं, तर वाकण्याचा प्रश्न होता तिथेच होता. उलट आता बघायला रांग होती.

तेव्हा साहेब तक्रार मागे घ्यायला पालिकेत गेले. खिडकीवरचा कारकून त्यांना बघून चक्क उठून उभा राहिला. फाईल वर चढली होती, आणि चांगलीच चढली होती. आरोग्य अधिकारी नकाशावर खूश होते. इतर रहिवासी नुसती बोंब मारतात, या गृहस्थाने कुत्र्यांसाठी स्वखुशीने जागा आखून दिली आणि लोकांना वळण लावलं, असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं. ते स्वतः पाहणीला येणार होते. गोल कायमचे, सिमेंटचे होणार होते. शेजारी साहेबांच्या नावाची पाटी लागणार होती, आणि सत्कारही व्हायचा होता.

"गैरसमज झालाय," असं सांगायला साहेबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांच्या वरिष्ठांची बढतीवर बदली झाली होती. निरोपाची भाषणं सगळी वरिष्ठांवर झाली, पुष्पगुच्छ वरिष्ठांना मिळाला, आणि साहेबांच्या वाट्याला त्या समारंभात खुर्च्या मांडून घेण्याची जबाबदारी आली. ते या गोष्टीचा उल्लेख कधी करत नसत. विसरलेला माणूसही करत नाही आणि न विसरलेलाही, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. ते कारकुनाला एवढंच म्हणाले, "किती वाजता येणार आहेत?"

घरी पत्नी टेबलाभोवती फिरत होत्या. साहेबांनी चपला काढता काढता, फार महत्त्वाचं काही नाही अशा सुरात सगळं सांगितलं.

"तुमच्या नावाची पाटी?" पत्नी म्हणाल्या.

"लहानशीच."

"छान झालं." टेबलाच्या कोपऱ्याला हात टेकून त्या वळल्या. "आणि मग मी चालायचं कुठे?"

"बघू की. टाकीच्या पलीकडे एखादी जागा..."

"टाकीपर्यंत जाणार कशी? राहू द्या. खुर्चीत बसण्यापुरता वाकतो माझा गुडघा. आता कुठे शर्यती धावायच्यात?"

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं. रागाला द्यायला त्यांच्यापाशी पुष्कळ उत्तरं होती. त्या खरोखरच समजूतदारपणे म्हणाल्या आणि उरलेली अर्धी फेरी न मारता बसल्या. साहेबांना फार वाईट वाटलं. तरीही संध्याकाळी त्यांनी कपाटातून कोट काढला, झटकला आणि खिडकीत वाऱ्याला टांगला. माणसाला दोन गोष्टी एकदम वाटू शकतात, आणि अशा वेळी बहुधा कोट जिंकतो.

पाहणीच्या दिवशी मागच्या रस्त्यावर सगळी इमारत लोटली. जो तो पाय टाकताना खाली बघत होता, त्यामुळे गर्दीला एक प्रकारचा विनय आला होता. आरोग्य अधिकारी नाकाला रुमाल लावून आले आणि रुमालातूनच बोलले. नागरिकांचा सहभाग, कल्पकता, आदर्श वगैरे शब्द मधूनमधून ऐकू येत होते. सेक्रेटरींनी ही कल्पना मुळात सोसायटीची असल्याचं सांगितलं. मग अधिकाऱ्यांनी साहेबांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. चांगला भरगच्च गुच्छ होता, भोवती चकचकीत जाड प्लास्टिकचा कागद होता. साहेबांनी तो छातीशी धरला. त्यांना बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग?

"आता एक फोटो होऊन जाऊ दे," अधिकारी म्हणाले. "कुत्रा गोलात, आणि आपण मागे."

मुख्याध्यापिकाबाईंनी कुत्र्याला पुढे आणलं. रोज एका शब्दात काम करणारा तो प्राणी आज एवढी माणसं बघून गांगरला. गोलाभोवती एक चक्कर मारून तो अधिकाऱ्यांच्या बुटावर जाऊन बसला, आणि काही केल्या उठेना. बाई त्याला समजावू लागल्या, फोटोवाला थांबून राहिला, आणि साहेबांची नजर सहज मागच्या फाटकाकडे गेली.

फाटकात पत्नी उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात काठी. आपल्या माणसाचा सत्कार बघायला त्या एकट्या जिना उतरून आल्या होत्या. रस्त्यावर काठी टेकायला त्या जागा शोधत होत्या. एके ठिकाणी टेकली, तिथून उचलली. जरा पुढे टेकली, तिथूनही उचलली. मग त्यांनी लांबूनच साहेबांकडे बघून मान हलवली, छान झालं म्हणतात तशी, आणि फाटकाला धरून हळूहळू परत फिरल्या.

साहेबांना ती पाठ बघवली नाही. त्यांनी गुच्छावरचा प्लास्टिकचा कागद टर्रकन ओढून काढला, उघडी फुलं अधिकाऱ्यांच्या हातात परत दिली, कागद हातावर चढवला आणि सगळ्या इमारतीदेखत, कोटासकट, पहिल्या गोलावर वाकले.

"अहो, अहो, काय करताय?" अधिकाऱ्यांच्या तोंडावरचा रुमाल खाली आला. "ही मंजूर झालेली जागा आहे."

"असू दे," साहेब खालूनच म्हणाले. "तिला चालायचंय."

पहिला गोल झाला. बुटाने फक्की पुसून ते दुसऱ्याकडे वळले. वाकायला त्रास झाला, पण तो कमरेला. ज्या त्रासाला ते इतके दिवस भ्याले होते तो कुठे जाणवेना, किंवा त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. कागद भरत आला तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी कुणीतरी वाकलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्समधली पिशवी काढून हातावर चढवली होती. त्या कुणाकडेही न बघता काम करत होत्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

दंतवैद्य आपल्या पायापाशी बघून म्हणाले, "पण ही काही माझ्याची दिसत नाही."

"कुणाची ते मागाहून ठरवू," बाई म्हणाल्या. "आधी उचला."

दंतवैद्यांनी उचलली. शेजारच्या इमारतीतले गृहस्थ घाईने फोनवर बोलू लागले आणि बोलत बोलत निघून गेले. सेक्रेटरी, हीही कल्पना सोसायटीची, असं अधिकाऱ्यांना सांगत राहिले. अधिकाऱ्यांचा एक पाय अजून कुत्र्याखाली असल्यामुळे त्यांना ऐकून घेणं भाग होतं.

भिंतीच्या कडेने पावलांपुरता रस्ता मोकळा झाला तेव्हा साहेब धापा टाकत फाटकाशी आले. कोटाच्या बाह्यांना चुना लागला होता. पत्नी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकल्या होत्या आणि उघड्या फाटकातून सगळं बघत होत्या.

"चल," साहेब म्हणाले. "टाकीपर्यंत जाऊन येऊ."

त्यांनी हात पुढे केला. पत्नींनी त्या हाताकडे नीट पाहिलं, मग काठी सावरून स्वतःच्या स्वतः उभ्या राहिल्या.

"हा नको," त्या म्हणाल्या. "दुसरा द्या."